शहाण्णवावा क्रमांक

मार्च १९६८ मध्ये अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या शंभर गाण्यांच्या यादीत, अगदी शेपटाकडे, ९६व्या क्रमांकावर एक गाणे आठवडाभर टेकले आणि उतरले. गाणे बीटल्सचे होते, 'द इनर लाइट'. तबकडीच्या पुढच्या बाजूचे 'लेडी मॅडोना' ब्रिटनमध्ये पहिले आणि अमेरिकेत चौथे आले. त्यामुळे मागच्या बाजूच्या या ९६व्या क्रमांकाकडे आकड्यांचा शौक असलेल्या मोजक्या रसिकांखेरीज कोणाचे लक्ष गेले नाही. पण या गाण्यातले गळे तेवढे लंडनचे होते. वाद्ये सगळी मुंबईत वाजली होती.

त्याच वर्षीच्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईला आला, तो 'वंडरवॉल' नावाच्या चित्रपटाच्या संगीतासाठी. फोर्टात फिरोजशहा मेहता रस्त्यावर एचएमव्हीचा स्टुडिओ होता. तिथे ९ ते १३ जानेवारी असे पाच दिवस काम चालले. अडचण ध्वनिमुद्रणाच्या यंत्राची होती. स्टुडिओतली व्यवस्था एकपदरी, म्हणजे मोनो. हॅरिसनला हवे होते स्टिरिओ. तेव्हा भारतातल्या ग्रामोफोन कंपनीचे एक तरुण अधिकारी भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचे यंत्र रेल्वेने मुंबईला आणून पोचवले. भिंतींतून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येई. तो अधूनमधून ध्वनिमुद्रणातही उतरला. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, रिजराम देसाड यांचे हार्मोनियम, आणि दोन सनईवादक. 'वंडरवॉल म्युझिक' या एलपीच्या श्रेयनामावलीत या दोघांची नावे शरद आणि हनुमान 'जादेव' अशी छापली आहेत. हे आडनाव मुळात काय असावे, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

ती एलपी नोव्हेंबर १९६८ मध्ये आली. बीटल्सपैकी एकाने स्वतंत्रपणे काढलेला हा पहिला अल्बम. अमेरिकेत ४९व्या क्रमांकापर्यंत गेला, ब्रिटनच्या यादीत त्याला जागाच मिळाली नाही. 'द इनर लाइट'ची गत याहून चमत्कारिक. ते बीटल्सच्या कोणत्याही मूळ अल्बमवर नाही. १९८८ मध्ये 'पास्ट मास्टर्स' या संकलनात त्याची सीडीवर सोय झाली. आणि २०१४ मध्ये 'वंडरवॉल म्युझिक' नव्याने निघाला, तेव्हा त्यात या गाण्याचे गायनाविना नुसते वादन जोडले गेले. मुंबईच्या वादकांनी त्या जानेवारीत काय वाजवले, ते मधे कोणाचाही गळा न येता निखळ ऐकायला मिळायला ४६ वर्षे जावी लागली.

क्रमांक, थोरवी आणि पुनर्प्रकाशन, या तीन गोष्टींवर रॉकच्या जुन्या रसिकांचे तंटे आजही चालू आहेत. कोण मोठे ते विक्रीवरून ठरवायचे की कानावरून? आणि चाळीस वर्षांनी चकचकीत खोक्यातून परत आलेला अल्बम खरेच थोर असतो, की नुसताच दुर्मिळ? या वादाचा एक मोठा तुकडा महाराष्ट्रात घडलेला आहे. मराठीत मात्र त्याबद्दल फार थोडे लिहिले गेले.

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीत 'बिलबोर्ड' पोचण्याचे काही कारण नव्हते. पण गाण्यांच्या क्रमांकावरून हुज्जत घालायला बेंबळीकराला अमेरिकेची गरजही नव्हती. त्या सोयीचे श्रेय एका मराठी माणसाला जाते, तेही उलट्या बाजूने. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कट्टर पक्षपाती. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते आटत आटत जवळजवळ नाहीशी झाली आणि श्रोते रेडिओची सुई फिरवून सिलोनला जाऊन बसले. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवार, रात्रीचे आठ, निवेदक अमीन सयानी. आकाशवाणीला शहाणपण सुचून विविध भारती निघेपर्यंत १९५७ उजाडले, तोवर सयानींची 'पायदान', म्हणजे गाण्यांची क्रमवारी, घरोघर रुजली होती.

ही पायदान ठरायची कशी? दुकानदारांकडून रेकॉर्ड-विक्रीचे आकडे येत आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रे येत. दोन्हींची मोट बांधून क्रम लागे. नुसत्या विक्रीवर भरवसा ठेवायचा तर ज्याच्या खिशात पैसा तो स्वतःच्याच रेकॉर्डी विकत घेऊन वर चढणार, ही शंका तेव्हाही होती. म्हणून श्रोता संघांचे वजन. ज्या घरात ग्रामोफोन नाही, पोस्टात लायसन्स भरून कसाबसा रेडिओ आणलेला आहे, त्या घरालाही पंधरा पैशांच्या आत मत देता येई. एका अर्थाने ही यादी 'बिलबोर्ड'पेक्षा जास्त लोकशाहीची होती. गंमत म्हणजे इंग्रजी रॉकसाठी भारतात असे काहीच उभे राहिले नाही. बीटल्सच्या तबकड्या कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात छापल्या जात आणि पुण्या-मुंबईत खपत, पण मुंबईच्या कोणत्या बँडला किती मागणी आहे हे सांगणारी यादी कोणाकडे नव्हती. होते एक साप्ताहिक, कलकत्त्याच्या स्टेट्समन गटाचे 'ज्युनिअर स्टेट्समन' उर्फ 'जेएस'. डेस्मंड डॉइग यांच्या संपादनाखाली ते १९६७ ते १९७७ चालले. त्यातले पोस्टर हॉस्टेलच्या भिंतीवर लागले की त्या बँडचा क्रमांक लागला, असा एकूण हिशेब.

मग यादीचे काम केले एका सिगारेटने. इम्पीरियल टोबॅको, म्हणजे पुढची आयटीसी, हिच्या 'सिमला' या ब्रँडच्या नावाने देशभर बँडच्या स्पर्धा झाल्या: 'सिमला बीट'. अंतिम फेरीला मुंबईचे षण्मुखानंद सभागृह. ज्या रंगमंचावर एरवी शास्त्रीय मैफली आणि नृत्याचे कार्यक्रम, तिथे शिलाँगपासून मद्रासपर्यंतची पोरे आपापले ड्रम लावत. आयात केलेल्या गिटारवर जबर जकात, परवान्यांची कटकट. त्यामुळे बहुतेकांच्या हाती देशी गिटार आणि कोणातरी हिकमती तंत्रज्ञाने जुळवलेला अँप्लिफायर. निवडक बँडांची गाणी घेऊन 'सिमला बीट ७०' आणि 'सिमला बीट ७१' या दोन एलपी निघाल्या. काही गाणी स्वतःची, काही उसनी. आवाज गढूळ, गाणाऱ्यांचे उच्चार कधी लिव्हरपूलचे तर कधी भायखळ्याचे. पण 'द फेंटोन्स', 'द कन्फ्यूजन्स', 'व्हेल्वेट फॉग' ही नावे आज जी काही शिल्लक आहेत ती या दोन तबकड्यांमुळे. सिगारेट खपवण्यासाठी केलेल्या जाहिरातीने नकळत दप्तर जपले, असे म्हणावे लागते. त्याच सुमारास 'द सॅव्हेजेस', 'द कम्बस्टिबल्स' हे मुंबईचे बँड जोरात होते, सर ज. जी.मध्ये वास्तुशास्त्र शिकायला आलेला गोव्याचा रेमो फर्नांडिस 'सॅव्हेजेस'मध्ये वाजवून गेला. १९७१ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा उघड्यावरचा महोत्सवही झाला. कार्ले-भाजे लेण्यांच्या पायथ्याशी वुडस्टॉकची हौस भागवून घेतली म्हणायची.

आता लेड झेपेलिन.

आपल्याकडच्या रॉक-रसिकांचा सर्वांत आवडता किस्सा १९७२ चा आहे. या बँडमधले जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या डिस्कोथेकमध्ये स्थानिक वादकांची वाद्ये मागून घेऊन त्यांनी वाजवले. मानधन म्हणून व्हिस्कीची बाटली मिळाली, असे सांगतात. बाटल्यांची संख्या सांगणाऱ्यावर अवलंबून असते. किश्शापेक्षा महत्त्वाचे काम दिवसाउजेडी झाले. पेज आणि प्लांट यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. वादक जुळवून दिले बासरीवादक आणि संगीतकार विजय राघव राव यांनी. सतार, सारंगी, तबला, व्हायोलिने. आपल्या वादकांना 'फोर स्टिक्स'चा लंगडत चालणारा ठेका सांगताना पेजची दमछाक झाली असेल असे वाटेल, पण ध्वनिमुद्रण ऐकले तर तबलजी बिनघोर आहेत. पाच आणि सहा मात्रांची गंमत त्यांना नवी नव्हती.

हे ध्वनिमुद्रण पुढे अनेक वर्षे चोरट्या तबकड्यांवरून फिरले. ते कधी झाले, यावर रसिकांनी रकाने भरले. एक पक्ष म्हणे ऑस्ट्रेलियाचा दौरा आटोपून परतताना, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये. दुसरा म्हणे जपानचा दौरा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये. जुलै २०१५ मध्ये 'कोडा' या अल्बमची वाढीव आवृत्ती निघाली. तिच्यात ही दोन्ही गाणी प्रथमच अधिकृतपणे आली, वादकांच्या नावे 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' असे लिहिले गेले आणि तारीख छापली ऑक्टोबरची. त्यावरही वाद मिटला नाही, ही गोष्ट वेगळी. छापील तारखेला न जुमानणे हा अस्सल रसिकाचा पहिला गुण.

झेपेलिनचे उदाहरण क्रमांकाच्या वादात हटकून येते, कारण हा बँड क्रमांकांशी फटकून वागला. त्यांचे सर्वांत गाजलेले 'स्टेअरवे टू हेवन' विक्रीसाठी सिंगल म्हणून काढलेच नाही. म्हणजे त्या काळी गाण्यांच्या यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या अल्बममध्ये ते आहे तो अमेरिकेत दुसऱ्याच क्रमांकावर अडला, आणि तरी तिथल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांमध्ये त्याची गणना होते. पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'ची कुंडली तशीच. १९७३ मध्ये अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर राहिला फक्त एक आठवडा. यादीत राहिला ७४१ आठवडे, १९८८ पर्यंत. अमेरिकेत तो अल्बम जिद्दीने विकला कॅपिटॉल कंपनीच्या प्रमुखांनी. त्यांचे नाव भास्कर मेनन. कलकत्त्याहून मुंबईला यंत्र आणणारे तेच. दोन ट्रॅकच्या यंत्रापासून हॉलिवूडच्या कॅपिटॉल टॉवरपर्यंतचा हा प्रवास एका स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे.

पाचगणीवाल्यांचा दावाही इथे नोंदवायला हवा. सेंट पीटर्स शाळेत १९५८ च्या सुमारास 'द हेक्टिक्स' नावाचा पाच मुलांचा बँड होता आणि त्यात पियानोवर फारोख बुलसारा नावाचा मुलगा बसे. पुढे येऊन गाण्याचे काम दुसऱ्याकडे होते! याच मुलाने फ्रेडी मर्क्युरी होऊन १९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' दिले. ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिले राहिले. नोव्हेंबर १९९१ मध्ये तो गेल्यावर तेच गाणे पुन्हा काढले गेले आणि पुन्हा पहिले आले. क्रमांक हा थोरवीचा पुरावा मानायचा तर दुसऱ्या वेळचा क्रमांक कशाचा पुरावा, गाण्याचा की हळहळीचा?

मुंबईच्या बँडांपुढे असले पेच नव्हते. त्यांचे अल्बमच निघत नव्हते. या काळातला सर्वांत ताकदीचा मराठी रॉक गायक म्हणजे नंदू भेंडे. 'झोपी गेलेला जागा झाला'सारख्या फार्सनी मराठी प्रेक्षकाला पोट धरून हसवणारे आत्माराम भेंडे आणि अभिनेत्री डॉ. आशा भेंडे यांचा हा मुलगा. घरात नाटक, गळ्यात रॉक. 'व्हेल्वेट फॉग', 'सॅव्हेज एन्काउंटर', 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' अशा बँडांतून तो गायला. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' मुंबईत उभे केले, त्यात नंदू भेंडे जूडास होते, आणि येशू होते मधुकर चंद्र धस. हे धसही 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'चे गायक. एकाच बँडने येशू आणि त्याचा घात करणारा, दोघेही पुरवले.

चार वर्षांनी, १९७८ मध्ये, पुण्याच्या थिएटर अकादमीने पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून केलेला 'तीन पैशाचा तमाशा' आणला. दिग्दर्शक जब्बार पटेल. संगीतात भास्कर चंदावरकर, आनंद मोडक यांच्याबरोबर नंदू भेंडे, आणि अंकुश या नामचीन गुंडाच्या भूमिकेतही तेच. लावणी आणि नाट्यपदांच्या शेजारी एकाएकी इलेक्ट्रिक गिटारचा आवाज. काही ज्येष्ठांनी नाके मुरडली. पण मराठी रंगभूमीवर रॉकचा गळा, मराठी शब्द चघळत, इतक्या सहजपणे आधी कधी उभा राहिला नव्हता, आणि नंतरही क्वचितच. सर्वसामान्य हिंदी श्रोत्याला तो गळा 'डिस्को डान्सर'मधल्या 'कृष्णा धरती पे आजा तू'मुळे माहीत आहे. एप्रिल २०१४ मध्ये नंदू भेंडे गेले. त्यांच्या नावावर चार ओळींची बातमी देणाऱ्यांनीही त्याच गाण्याचा आधार घेतला. खपाची यादी माणसाची ओळख कशी ठरवते, याचे हे आपल्याच घरातले उदाहरण.

'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'ची एकुलती एक एलपी 'ऑब्सेशन ७७' बाजारात आली १९८१ मध्ये, नावातल्या वर्षानंतर चार वर्षांनी. गिटारवादक नील चट्टोपाध्याय, बासवर कीथ कांगा. तोवर बँड पांगला होता, रॉक मागे पडून डिस्को आले होते, आणि रेकॉर्ड गुपचूप विरून गेली. मग तीस वर्षांनी, २०११ मध्ये, लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' या कंपनीने ती पुन्हा काढली. जी तबकडी इथल्या दुकानदाराला जागा अडवणारी वाटली असेल, तिच्या मूळ प्रतीसाठी परदेशी संग्राहक घसघशीत रक्कम मोजू लागले. 'सिमला बीट'च्या दोन्ही एलपी त्याआधीच जर्मनीत पुनर्प्रकाशित झाल्या होत्या.

याहून मोठे नवल चरणजित सिंग यांच्या वाट्याला आले. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले हे मुरलेले वादक. १९८२ मध्ये त्यांनी नव्या जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. एचएमव्हीने एलपी काढली. कोणी विचारले नाही. एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या शिकागोत अ‍ॅसिड हाउस हे नृत्यसंगीत जन्मण्याच्या पाच वर्षे आधी ते मुंबईत जन्मले होते, असा डांगोरा पिटला गेला. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपात कार्यक्रम करून आले, आणि २०१५ मध्ये वारले.

पुनर्प्रकाशनाचा हा न्याय गोड वाटतो, पण तो निरपेक्ष नाही. परदेशी संग्राहकाला जे विचित्र, दुर्मिळ आणि त्याच्या कानाला ओळखीचे वाटते तेच परत येते. 'ऑब्सेशन ७७' आली, कारण तिच्यातला झिणझिणता गिटार लंडन-न्यूयॉर्कच्या डीजेला वापरता येतो. 'तीन पैशाचा तमाशा'तला नंदू भेंडे मराठीत गातो, म्हणून तो त्यांच्या जाळ्यात येत नाही. तो आपणच शोधायचा होता, आणि आपण शोधला नाही. 'ऑब्सेशन ७७' हा महान अल्बम आहे का? नाही. त्यात दोन-तीन ठिकाणी बँड खरोखर पेटतो, बाकी उसनवारी आहे. पण विक्री शून्य म्हणून त्याला मोडीत काढणे जितके चूक, तितकेच किंमत चढली म्हणून डोक्यावर घेणे चूक.

पुढचा काळ भराभर सांगता येईल. १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' होऊ लागला. 'रॉक मशीन'ने १९८८ मध्ये स्वतःच्या इंग्रजी गाण्यांची 'रॉक अँड रोल रेनेगेड' काढली. याच बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले आणि १९९३ मध्ये 'प्रिटी चाइल्ड'ला एमटीव्ही एशियाच्या प्रेक्षकांची पसंती मिळवली. शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवनाचे कार्यक्रम बंद पडले. काळा घोड्याचे 'ऱ्हिदम हाउस' २०१६ मध्ये मिटले. बेंबळीपर्यंत जे पुनर्प्रकाशन सर्वांत सुखरूप पोचले ते सारेगामाचे 'कारवाँ': पाच हजार गाणी आणि अमीन सयानींची गीतमाला पोटात घेऊन बसलेला रेडिओवजा डबा. सयानी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले; त्यांची पायदान त्या डब्यात अजून चढते-उतरते.

आता एक विनंती. मुंबई-पुण्यातच नव्हे, सोलापूर-लातूर-धाराशिवच्या जुन्या घरांतही माळ्यावर तबकड्या, कॅसेटी, नाटकांच्या तालमींच्या टेपा पडून आहेत. त्या भंगारात घालण्याआधी एवढे करा. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की वाकतात. लेबलचा फोटो काढा, आणि मधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक लिहून घ्या, कारण छपाई कोणती हे त्यावरूनच कळते. वेष्टनाच्या मागे वादकांची नावे असतील तर तीही उतरवा. घरात कोणी त्या काळी वाजवणारे असेल, तर कोणत्या गाण्यात कोण वाजवत होते ते त्यांच्याकडून आजच लिहून घ्या. हनुमान जाधवांचे आडनाव निदान मराठीत तरी नीट लिहिले जायला हवे.